बायोडिझेल खपते, पण ग्लिसरीनच्या बॅरलांचे काय करायचे?

प्रश्नकर्त्याने विचारले आहे, ते थोडक्यात असे: "पश्चिम महाराष्ट्रातील एका औद्योगिक वसाहतीत आमचा वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल बनवण्याचा दिवसाला ५ टनांचा प्लँट आहे. बायोडिझेलला गिऱ्हाईक आहे. मात्र खाली उरणारे ग्लिसरीन जो व्यापारी नेत असे, त्याने आधी भाव पाडला आणि मागच्या महिन्यापासून उचलणेच बंद केले. आवारात १३० बॅरल साचली आहेत. व्हॅक्यूम डिस्टिलेशनचा प्लँट टाकून फार्मा ग्रेडचे ग्लिसरीन विकावे, असा सल्ला एका यंत्रसामग्री विक्रेत्याने दिला आहे. तो प्लँट टाकावा का? की या ग्लिसरीनचा दुसरा काही उपयोग आहे?"

आपला प्रश्न वरवर पाहता ग्लिसरॉलच्या, म्हणजे ग्लिसरीनमधल्या मूळ रसायनाच्या, उपयोगाविषयीचा आहे, परंतु माझ्या मते तो तसा नाही. ग्लिसरॉलला उपयोगांची वाण कधीच नव्हती. टूथपेस्टपासून खोकल्याच्या औषधापर्यंत आणि रंगांच्या रेझिनपासून सिमेंटपर्यंत ते सगळीकडे लागते. घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी: आपल्या बॅरलमध्ये जे भरले आहे, त्यात ग्लिसरॉल जेमतेम निम्मे आहे. उरलेल्या निम्म्यात मिथेनॉल, साबण, कॉस्टिक (उत्प्रेरक म्हणून घातलेली अल्कली), पाणी आणि थोडे बायोडिझेलही आहे. बाजाराला ग्लिसरॉल हवे असते, ही खिचडी नको असते. म्हणून "ग्लिसरीन कुठे खपवू?" या प्रश्नाआधी "बॅरलमध्ये नेमके काय काय आहे आणि त्यातले काय माझ्याकडेच राहायला हवे?" हा प्रश्न सोडवावा लागेल.

सुरुवातीलाच हे मान्य करतो की पुढे मी जे सांगणार आहे, त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. आपण उत्प्रेरक म्हणून सोडियमची अल्कली वापरता की पोटॅशियमची, येणाऱ्या तेलात मुक्त मेदाम्ले, म्हणजे ज्याला आपण सगळे एफएफए म्हणतो ती, किती असतात, मिथेनॉल किती जास्त घालता, आणि पन्नास-साठ किलोमीटरच्या आत बायोगॅसचा प्रकल्प, सिमेंटचे कारखाने किंवा साबणवाले आहेत का, या चार गोष्टींवर उत्तर बदलते. मी स्वतः आधी साबण आणि मेदाम्लांच्या कारखान्यात आणि नंतर बायोडिझेलच्या लहान-मध्यम प्लँटमध्ये अशी मिळून पंचवीसहून अधिक वर्षे काढली आहेत. त्यामुळे माझा कल प्रयोगशाळेपेक्षा प्लँटच्या जमिनीकडे अधिक आहे, हेही लक्षात घेऊन हे उत्तर वाचावे.

आधी हिशेब मांडू. तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे तीन रेणू खर्ची पडतात आणि ग्लिसरॉलचा एक रेणू सुटतो. वजनात सांगायचे तर १०० किलो तेल आणि सुमारे ११ किलो मिथेनॉल यांच्यापासून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोंच्या आसपास ग्लिसरॉल मिळते. परंतु अभिक्रिया पूर्ण व्हावी म्हणून आपण सर्वजण मिथेनॉल दुप्पट, म्हणजे एकास सहा रेणू या प्रमाणात घालतो. म्हणजे १०० किलो तेलामागे साधारण २२ किलो. त्यातले ११ किलो खर्ची पडते आणि ११ किलो जसेच्या तसे उरते. हे उरलेले मिथेनॉल वरचा बायोडिझेलचा आणि खालचा ग्लिसरॉलचा अशा दोन्ही थरांत वाटले जाते, पण त्याचा ओढा ग्लिसरॉलकडे असल्याने निम्म्याहून अधिक भाग खालच्या थरात उतरतो.

आता हे आपल्या ५ टनांना लावून पाहा. रोज सुमारे ५०० किलो ग्लिसरॉल सुटते. तेलात एफएफए जास्त असतील तर याहून थोडे कमी, कारण मुक्त मेदाम्लाला ग्लिसरॉल चिकटलेले नसते. उरलेले मिथेनॉल ५५० किलोंच्या घरात जाते आणि त्यापैकी ३०० ते ३५० किलो खालच्या थरात येते. त्यात साबण, उत्प्रेरक, पाणी आणि अडकलेले बायोडिझेल मिळून आणखी दीडशे-दोनशे किलो धरा. म्हणजे रोज एक टन माल, पाच बॅरल. आपली १३० बॅरल साधारण महिन्याभराची आहेत, हे या हिशेबाशी जुळते. आणि महिन्याला २५ दिवस प्लँट चालतो असे धरले, तर आपण दरमहा सुमारे ८ टन मिथेनॉल ग्लिसरीनच्या नावाखाली बॅरलमध्ये भरून देत होता. तो व्यापारी इतके दिवस माल का नेत होता, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. मिथेनॉल काढून घेऊन तो उरलेला भाग पुढे ढकलत असावा. त्याने आवळा देऊन कोहळा काढला, असे म्हणायला हरकत नाही.

मग आता त्याने हात का आखडता घेतला? याचे कारण आपल्या प्लँटच्या फार बाहेर आहे. ग्लिसरॉलची मागणी पाहून कोणीही बायोडिझेल बनवत नाही. बायोडिझेल सरकारी धोरणामुळे वाढते आणि त्याच्यामागून दहा टक्के ग्लिसरॉल, कोणी मागो वा न मागो, बाजारात येऊन पडते. युरोपीय संघाने २००३ मध्ये जैवइंधनाचा निर्देश काढून २०१० पर्यंत ५.७५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले, तेव्हापासून हे जगाने पाहिले आहे. तोवर ग्लिसरॉलचा काही भाग पेट्रोलियमपासून एपिक्लोरोहायड्रिनमार्गे (हा इपॉक्सी रेझिनचा कच्चा माल) कृत्रिम रीतीने बनत असे. बायोडिझेलचे ग्लिसरॉल इतके स्वस्त झाले की डाऊ कंपनीने टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथील आपला कृत्रिम ग्लिसरीनचा कारखाना २००६ मध्ये बंद केला. त्यानंतर सोल्वे कंपनीने गाडी उलट्या दिशेने हाकली आणि ग्लिसरॉलपासून एपिक्लोरोहायड्रिन बनवायला घेतले, आधी फ्रान्समध्ये तावो येथे आणि २०१२ मध्ये थायलंडमध्ये मॅप ता फुट येथे वर्षाला एक लाख टन क्षमतेने. एका पिढीत कच्चा माल आणि पक्का माल यांनी जागा बदलल्याचे असे उदाहरण रसायन उद्योगात क्वचितच सापडेल. आपल्याकडेही गुजरातेत दहेज येथे २०२२ पासून ग्लिसरॉलपासून एपिक्लोरोहायड्रिन बनते.

इंडोनेशियाने पामतेलाच्या बायोडिझेलचे मिश्रण २०२० मध्ये ३० टक्क्यांवर, २०२३ मध्ये ३५ टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेले. तिथले ग्लिसरीन जहाजे भरून बाहेर पडते आणि त्याचा भाव आपल्या दारातल्या बॅरलचा भाव ठरवतो. भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य आहे. आज आपण त्याच्या जवळपासही नाही. पण देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळते हे धरले, तर ते लक्ष्य गाठल्यास साडेचार लाख टनांच्या आसपास ग्लिसरॉल दरवर्षी निघेल. सांगायचा मुद्दा एवढाच की भाव पुन्हा चढेल या आशेवर बॅरल साठवून ठेवणे शहाणपणाचे नाही. तो मधूनमधून चढतोही, पण जेव्हा चढतो तेव्हा शुद्ध आणि टँकरने देता येणाऱ्या मालाला आधी चढतो. आपल्यासारख्याच्या बॅरलपर्यंत ती भरती क्वचित पोहोचते.

आता डिस्टिलेशनचा प्लँट. माझे उत्तर स्पष्ट "नको" असे आहे. ग्लिसरॉल साध्या दाबाखाली २९० अंशांना उकळते आणि तिथवर पोहोचेतो ते स्वतःच विघटित होऊ लागते. म्हणून ते खोल निर्वातात, १६०-१८० अंशांच्या आसपास ओढावे लागते. त्यासाठी गरम तेलाचा हीटर, चांगली निर्वात यंत्रणा, क्षारांचा चिकट गाळ बाहेर काढण्याची सोय आणि शेवटी रंग-वास काढण्यासाठी कार्बनचे स्तंभ लागतात. यातली एकही गोष्ट दिवसाला ५०० किलोंसाठी परवडत नाही. शुद्धीकरणाचे जे कारखाने तगून आहेत, ते दिवसाला काही दहा टन माल फिरवतात आणि तरीही भाव पडला की पंप बंद करून बसतात. शिवाय कच्च्या मालातील साबण नीट तोडलेला नसेल तर निर्वात लावताच तो असा फेसाळतो की ग्लिसरॉलऐवजी फेसच कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो. मी हे एकदा स्वतःच्या देखरेखीखाली होऊ दिले आहे आणि ती नळी साफ करायला आम्हाला तीन दिवस लागले होते.

"फार्मा ग्रेड" हा शब्द तर विक्रेत्याने फारच सहज उच्चारला आहे. औषधी म्हणून विकले जाणारे ग्लिसरीन साधारण ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध असते. परंतु खरी अट त्या आकड्याची नसून मालाच्या पूर्वेतिहासाची असते. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्यामुळे चौदा रुग्ण दगावले आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. औद्योगिक माल औषधाच्या साखळीत शिरला की काय होते, हे महाराष्ट्राला तेव्हा कळले. जगाला ते २०२२ मध्ये गांबियात दूषित खोकल्याच्या औषधाशी जोडल्या गेलेल्या मुलांच्या मृत्यूनंतर पुन्हा कळले. आपल्या बॅरलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नाही, पण मिथेनॉल आहे आणि तेही विषच. हॉटेलांच्या कढयांतून जमा केलेल्या तेलाचे ग्लिसरीन औषधासाठी कोणताही जबाबदार खरेदीदार घेणार नाही आणि घेत असेल तर आपण देऊ नये. प्रत्येक बॅरलवर "केवळ औद्योगिक वापरासाठी, औषधी, खाद्य वा पशुखाद्य वापरासाठी नाही" असे मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहावे आणि बिलावरही ते यावे.

मग करायचे काय? मी आपल्या जागी असतो तर आधी एक काचेचे मोजपात्र घेतले असते. १०० मिलिलिटरचे उभे मोजपात्र, त्यात बॅरलमधला ६० मिलिलिटर माल, थोडा कोमट केलेला. हातमोजे, गॉगल आणि उघडी हवा हवी, जवळपास ठिणगी नको. त्यात सौम्य केलेले आम्ल थेंबाथेंबाने घालत ढवळावे आणि पीएचची पट्टी बुडवत राहावे. सुरुवातीला काळपट तपकिरी चहाच्या अर्कासारखा दिसणारा तो द्रव पीएच ६ च्या खाली आला की एकाएकी गढूळ होतो, आणि साधारण ४ ते ५ च्या दरम्यान पोहोचल्यावर थोडा वेळ तसाच ठेवला की तीन भाग आपोआप वेगळे होतात. वर गडद, तेलकट थर येतो, तो साबणातून सुटलेल्या मेदाम्लांचा आणि अडकलेल्या बायोडिझेलचा. मध्ये त्याहून फिकट, लालसर पारदर्शक द्रव राहतो, ते ग्लिसरॉल, मिथेनॉल आणि पाणी. तळाशी पांढरा चुरा बसतो, तो क्षाराचा. वरच्या थराची उंची वाचली की आपण रोज किती तेल साबण करून घालवत आहात, ते डोळ्यांसमोर येते. वापरलेल्या तेलाच्या प्लँटमध्ये हा थर एकूण मालाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मी पाहिला आहे. ज्यांनी ही साधी चाचणी स्वतः केली, त्यांतल्या एकानेही पुन्हा बॅरल तसेच विकले नाही.

प्लँटवर करायचे ते हेच, मोठ्या प्रमाणावर. माल टाकीत घेऊन आम्लाने साबण तोडायचा, वरचे मेदाम्ल काढून घ्यायचे आणि मधल्या द्रवातले मिथेनॉल उडवून परत मिळवायचे. मिथेनॉल ६५ अंशांच्या आत उकळते, त्यामुळे वाफेचे आवरण असलेली टाकी, एक लहान स्तंभ आणि चांगला कंडेन्सर एवढ्यावर काम भागते. परत मिळालेल्या मिथेनॉलमध्ये पाणी येते आणि ते तसेच अल्कलीच्या टप्प्यात वापरले तर पुन्हा साबण होतो. म्हणून ते आधी सुकवावे, निदान आम्लाच्या टप्प्याकडे (जिथे तेलातल्या एफएफएचे आधी बायोडिझेल करून घेतात) वळवावे, कारण तिथे थोडे पाणी त्यामानाने चालून जाते.

आधी आम्ल की आधी मिथेनॉल, यावर जाणकारांत मतभेद आहेत. साबण कमी असेल तर मिथेनॉल आधी काढणे बरे, कारण मग आम्लाच्या गंजाची भीती मिथेनॉलच्या यंत्रणेला राहत नाही. साबण जास्त असेल, आणि वापरलेल्या तेलात तो असतोच, तर आधी मिथेनॉल काढायला गेलो की टाकी फेसाळते, आणि सोडियमचा साबण असेल तर मिथेनॉल गेल्यावर तोच माल थंडीत गोठून बॅरलमध्ये खरवसासारखा घट्ट बसतो. डिसेंबरातल्या सकाळी झाकण उघडल्यावर बोटाने दाबून पाहावे लागेल असा माल ज्याने उपसला आहे, तो या बाबतीत वाद घालत नाही. आपल्या कच्च्या मालाचा विचार करता मी आधी आम्ल, मग अल्कलीने पीएच ७ च्या आसपास परत आणणे आणि मग मिथेनॉल, असा क्रम सुचवेन. एक गोष्ट मात्र कोणत्याही क्रमात करू नये: ग्लिसरॉलचा थर वेगळा करण्याआधी, उत्प्रेरक जिवंत असताना, संपूर्ण रिअॅक्टरमधून मिथेनॉल ओढू नये. मिथेनॉल निघून गेले की अभिक्रिया उलटी फिरते आणि बायोडिझेलचे पुन्हा ग्लिसराइड, म्हणजे तेलासारखे संयुग, होऊ लागते. मग एकूण ग्लिसरॉल ०.२५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची भारतीय मानकाची अट पाळताना नाकी नऊ येतात.

आम्ल कोणते, हा प्रश्न किरकोळ वाटतो पण पुढची विक्री त्यावर ठरते. मिठाचे आम्ल (हायड्रोक्लोरिक) स्वस्त आणि सोपे आहे, मात्र क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रे पडतात. सल्फ्युरिक आम्ल चालते, पण ते ग्लिसरॉल पुढे बायोगॅसला जाणार असेल तर सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि प्रकल्पवाला दुसऱ्या खेपेला माल नाकारतो. आपण पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरत असाल तर फॉस्फोरिक आम्लाचा विचार जरूर करावा. ते महाग आहे, परंतु तळाशी बसणारा क्षार पोटॅशियम फॉस्फेटचा असतो, म्हणजे पालाश आणि स्फुरद. धुऊन, मिथेनॉल पूर्ण काढून आणि तपासून घेतल्यावर तो खतासाठी देता येतो. सोडियमच्या क्षाराला मात्र शेतात जागा नाही. आपल्या भागातल्या खारावलेल्या जमिनींना तर मुळीच नाही.

वरच्या थरातले मेदाम्ल ही या सगळ्यातील दुसरी कमाई आहे. ते आपल्याच आम्लाच्या टप्प्यात परत घालून बायोडिझेल करता येते किंवा बाजारात अॅसिड ऑइल म्हणून साबणवाल्यांना विकता येते. माझा अनुभव असा की एवढे केल्यावर पुष्कळ वेळा ग्लिसरॉल फुकट दिले तरी प्लँटचा हिशेब जमतो. उरलेला मधला द्रव आता दिवसाला एक टनाऐवजी सहाशे-साडेसहाशे किलो भरतो, त्यात ग्लिसरॉल ८० टक्क्यांच्या आसपास असते आणि बाजारात ज्याला खऱ्या अर्थाने क्रूड ग्लिसरीन म्हणतात ते हेच.

त्याआधीही एक टप्पा आहे, तो म्हणजे साबण मुळातच कमी होऊ देणे. तेल कोरडे करून घ्यावे, अल्कलीच्या टप्प्यात जाण्यापूर्वी एफएफए एक टक्क्याच्या आत, जमल्यास अर्ध्या टक्क्यावर आणावेत, आणि कॉस्टिकचे तुकडे मिथेनॉलमध्ये विरघळवण्याऐवजी तयार सोडियम मेथॉक्साइडचे द्रावण वापरावे, कारण कॉस्टिक विरघळताना पाणी तयार होते आणि मेथॉक्साइडमध्ये ते होत नाही. ज्यांच्या तेलात एफएफए फार जास्त असतात, त्यांना मी ग्लिसरोलिसिस सुचवतो. स्वतःचेच ग्लिसरॉल तेलात घालून ते २०० अंशांच्या वर, निर्वातात तापवले की मुक्त मेदाम्ले ग्लिसरॉलला बांधली जातात, पाणी उडून जाते, सल्फ्युरिक आम्ल आणि त्या टप्प्यातले मिथेनॉल दोन्ही वाचते. पण इथे एक गैरसमज दूर करतो. यात ग्लिसरॉल खपत नाही. पुढच्या टप्प्यात ते पुन्हा सुटून खालीच येते. ते आवारात फिरत राहते, एवढेच. या पद्धतीची निवड मिथेनॉल वाचवण्यासाठी करावी, बॅरल कमी करण्यासाठी नव्हे.

आता खपाच्या वाटा. आपल्या भौगोलिक परिस्थितीत मला सर्वांत भरवशाची वाट बायोगॅसची वाटते. केंद्र सरकारची बायोगॅसला प्रोत्साहन देणारी 'सतत' (SATAT) नावाची योजना २०१८ मध्ये आल्यापासून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळावर) चालणारे गॅसचे प्रकल्प उभे राहत आहेत. एक किलो ताज्या शेणापासून ०.०४ घनमीटर बायोगॅस मिळतो असे आपण धरतो. एक किलो ग्लिसरॉलपासून सिद्धांतानुसार ०.७ घनमीटरहून अधिक मिळतो, आणि त्यात मिथेन ५८ टक्के असतो. आपले रोजचे ५०० किलो म्हणजे दोनशेहून अधिक घनमीटर मिथेन, वजनात सुमारे दीडशे किलो. प्रत्यक्षात काही कमी मिळेल, पण प्रकल्पवाल्याला हा आकडा दाखवला की बोलणी सुरू होतात. थोडे मिथेनॉल राहिले तरी तिथले जीवाणू ते पचवतात.

यातली मेख मात्र मी स्वतः हात पोळून शिकलो आहे. एका डेअरीलगतच्या शेणाच्या प्रकल्पाला आम्ही ग्लिसरॉल देऊ लागलो. पहिल्या आठवड्यात गॅस इतका वाढला की सगळेच खूश झाले आणि मीच, ज्याने सावध करायला हवे होते त्यानेच, मात्रा दुप्पट करायला संमती दिली. ग्लिसरॉल जीवाणूंना साखरेसारखे चटकन पचते. आम्ले तयार करणारे जीवाणू झपाट्याने वाढतात आणि मिथेन बनवणारे त्यांच्या मागे पडतात. बाराव्या दिवशी पीएच ७.२ वरून ६.१ वर उतरला, आंबूस वास सुटला आणि गॅस जळेनासा झाला. खाद्य बंद करून, चुना आणि सोडा घालून, दुसऱ्या चालू प्रकल्पातली शेणाची रबडी आणून तो पाचक, म्हणजे गॅस बनवणारी टाकी, पूर्ववत व्हायला जवळपास दोन महिने गेले. तेव्हापासून माझा नियम असा की सुरुवात रोजच्या एकूण खाद्याच्या वजनाच्या अर्ध्या ते एक टक्क्याने करावी, दर पंधरवड्याला थोडी वाढवावी आणि तीन टक्क्यांच्या पुढे नियमित तपासणीशिवाय जाऊ नये. ग्लिसरॉलमध्ये नायट्रोजन अजिबात नसतो, म्हणून सोबत कोंबडखत किंवा शेण हवे. आणि सोडियम साचत जातो, म्हणून पाचकातील क्षार मोजत राहावेत.

सिमेंट दळताना कणांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून जी द्रव्ये घालतात, त्यांत ग्लिसरॉल वापरले जाते. ती द्रव्ये बनवणारे उत्पादक ८० टक्क्यांचा, क्लोराइड कमी असलेला आणि दर खेपेला सारखाच माल घेतात. "सारखाच" या शब्दावर भर आहे. फरशी धुण्याचा द्रव साबण करणारे लहान उद्योग पोटॅशियमचा, मिथेनॉलमुक्त माल घेतात, पण त्यांची भूक महिन्याला काही बॅरलांपुरतीच असते.

जाळून टाकण्याचा विचार आपल्या मनात आला असेल. ग्लिसरॉलची उष्णता किलोमागे १६ मेगाज्यूल, म्हणजे बायोडिझेलच्या निम्म्याहूनही कमी. ते घट्ट असते, क्षारांचा थर नळ्यांवर चढतो, आणि ज्योत पुरेशी तापलेली नसेल तर अॅक्रोलिन तयार होते. कढईतले तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यात हेच अॅक्रोलिन असते. ते शेजारच्या कारखान्यापर्यंत पोहोचले की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार ठरलेली. पशुखाद्याबाबतही माझा सल्ला नकाराचाच आहे. शुद्ध ग्लिसरॉल गायींना चालते, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यातील ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल दहा लाखांत १५० भागांहून अधिक असणे असुरक्षित ठरू शकते, असे म्हटले होते. हॉटेलच्या तेलापासून निघालेल्या मालात ही हमी आपण प्रत्येक बॅरलला देऊ शकणार नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ट्रायअॅसिटिन, सॉल्केटल, हायड्रोजन यांच्याबद्दल वाचायला मिळते ते खरे आहे, आणि त्यातल्या काहींचे मोठे कारखानेही चालतात, परंतु ती सगळी रसायने शुद्ध ग्लिसरॉलपासून आणि हजारो टनांत बनतात. आपल्या निर्णयाशी त्यांचा संबंध नाही.

म्हणजे क्रम असा झाला: साबण कमी करा, आम्लाने तोडा, मेदाम्ल आणि मिथेनॉल स्वतःकडे ठेवा, ८० टक्क्यांचा माल बायोगॅसला किंवा सिमेंटच्या द्रव्यांना वर्षाच्या कराराने द्या, आणि डिस्टिलेशनचे पैसे वाचवा. मिथेनॉलच्या यंत्रणेची भर घालण्यापूर्वी प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात आणि मिथेनॉलच्या परवान्यात ती बसते का, हे लेखी विचारून घ्या. मोटारी आणि दिवे ज्वालारोधक प्रकारचेच हवेत. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, त्यामुळे "जळत असेल तर दिसेलच" असे तिथे चालत नाही.

आवारातल्या १३० बॅरलांचे मात्र लगेच पाहायला हवे. ती उन्हात असतील तर आजच सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी आणि ठिणगीपासून लांब हलवा, कारण आत तीस टक्क्यांच्या आसपास मिथेनॉल आहे. झाकण काढताना आधी फक्त अर्धा आटा फिरवून फुसकारा जाऊ द्या, तोंड बाजूला ठेवा. इतके दिवस स्थिर राहिल्याने बहुतेक बॅरलांत वर चार-सहा बोटे बायोडिझेलचा थर वेगळा झाला असेल. तो हातपंपाने अलगद काढून कच्च्या तेलात परत घाला. मग सर्वांत जुन्या तीन आणि सर्वांत नव्या तीन बॅरलांतून, वरून आणि तळातून असे नमुने घेऊन त्यांतले ग्लिसरॉल, मिथेनॉल, पाणी, राख आणि साबण एवढ्या पाच गोष्टी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. ते आकडे आणि आपला उत्प्रेरक कोणता, हे इथे कळवलेत तर टाकीचे माप आणि आम्लाची मात्रा मी काढून देईन.